जुनी जीप, नवा वेग

यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर या अरुंद मापाच्या लोहमार्गावर 'शकुंतला' धावत असे. तिचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनले आणि एप्रिल १९९४ पर्यंत वऱ्हाडच्या उन्हात काम करत राहिले. यंत्राचे आयुष्य कारखान्यात ठरते त्याहून अधिक ते देखभालीत ठरते, याचे हे घरचेच उदाहरण.

हे आठवण्याचे कारण एक जीप. अकोला जिल्ह्यातील आमच्या एका शेतकरी स्नेह्यांच्या गोठ्यात १९६०च्या दशकातील, विलीज बनावटीची जीप वीसेक वर्षे उभी होती. "सर, माह्या बाबाची गाडी हाये, फक्त चालू करून द्या," असे त्यांचे म्हणणे. अमरावतीला अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलाचा हट्ट वेगळा होता. "चालू त करूच, पन जोरात पयाली पाहिजे." त्याला जीपचा 'हॉट रॉड' करायचा होता. जुन्या यंत्राला जसेच्या तसे जिवंत करायचे की त्यातून नवे घडवायचे? या प्रश्नाच्या मागे आठवी ते बारावीचे बरेचसे विज्ञान दडलेले आहे.

हॉट रॉड हा प्रकार १९३०च्या दशकात अमेरिकेत, कॅलिफोर्नियात रुजला. तिथल्या कोरड्या, सपाट तळ्यांवर हौशी तरुण जुन्या फोर्ड गाड्या पळवत. मडगार्ड, बॉनेट, टप असे जे जे काढता येईल ते काढून टाकत. बल तेवढेच ठेवून वस्तुमान कमी केले तर त्वरण वाढते, हा न्यूटनचा दुसरा नियमच ते हातोडी-पान्याने सिद्ध करत होते. १९३२ साली फोर्डने आठ सिलिंडरचे स्वस्त इंजिन बाजारात आणले आणि या छंदाला जोर आला.

दुसरा उपाय म्हणजे इंजिनाची ताकद वाढवणे. आमच्या जीपचे इंजिन चार सिलिंडरचे, सुमारे २२०० घनसेंटिमीटरचे. म्हणजे एका सिलिंडरचे घनफळ ५५०. दट्ट्या वर आला की मिश्रणासाठी सुमारे ९२ घनसेंटिमीटर जागा उरते. म्हणून संपीडन गुणोत्तर (५५० + ९२) भागिले ९२, म्हणजे साधारण ७. लेथवर हेड घासून ती जागा ७३ वर आणली, तर गुणोत्तर साडेआठ होते. आदर्श इंजिनाची कार्यक्षमता या गुणोत्तरावर अवलंबून असते. सातला ती सुमारे ५४ टक्के येते, साडेआठला सुमारे ५७. प्रत्यक्ष इंजिनात दोन्ही आकडे बरेच कमी असतात, पण वाढीची दिशा तीच. मग मूळ बनवणाऱ्यांनीच हे का केले नाही? त्या काळचे हलके पेट्रोल जास्त दाबाखाली ठिणगीची वाट न पाहता पेटे आणि इंजिन ठोके देई. यंत्रातील प्रत्येक आकड्यामागे असे कारण असते. तो बदलण्याआधी कारण शोधावे.

पण आधी गंज. आपली काळी माती चॅसीच्या कोपऱ्यांत चिकटून बसते आणि ओल धरून ठेवते. लोखंड, पाणी व प्राणवायू एकत्र आले की लोखंडाचे सजल ऑक्साइड बनते. त्याचे घनफळ मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते, म्हणून पत्रा फुगतो आणि रंगाचे पोपडे सुटतात. लहान सुट्या भागांचा गंज आम्ही विद्युत अपघटनाने काढला. प्लॅस्टिकच्या बादलीत धुण्याच्या सोड्याचे द्रावण घेतले, गंजलेला भाग बॅटरीच्या ऋण टोकाला आणि साध्या लोखंडाची पट्टी धन टोकाला जोडली. गंजलेल्या भागावर हायड्रोजनचे बुडबुडे येतात, गंज सैल होतो आणि ब्रशने निघतो. एखादा खिळा घेऊन हा प्रयोग शाळेत सहज होईल. मात्र तो उघड्यावर करावा, कारण हायड्रोजन ज्वालाग्राही आहे. मीठ वापरू नये, क्लोरीन तयार होतो. धन टोकाला स्टेनलेस स्टील जोडू नये, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे द्रावणात उतरतात.

पुढचा प्रश्न इंधनाचा. जुन्या पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग असे. भारतात ते २००० साली बंद झाले, आणि मुलांच्या आरोग्यासाठी ते आवश्यकच होते. पण शिशाचा पातळ थर व्हॉल्व्हच्या बैठकीला झिजेपासून वाचवत असे. म्हणून जुन्या बिडाच्या इंजिनांत आता कठीण पोलादाच्या बैठका बसवणे इष्ट. आज पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला सुमारे ९. जुन्या कार्ब्युरेटरचे छिद्र हे ओळखत नाही. त्यामुळे मिश्रणात हवेचे प्रमाण जास्त होते आणि जेट बदलावे लागते. जुने रबरी वॉशर व नळ्याही इथेनॉलने फुगतात. शिवाय अकोल्याचा मे महिना! तापलेल्या नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफ ओढू लागतो. पेट्रोलपंपावर ओले फडके टाकणारे जुने ड्रायव्हर बाष्पीभवनाच्या थंडाव्याचा अचूक उपयोग करत असत.

आता खरा मुद्दा. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकण्याचा जागतिक विक्रम झाला. अशा रस्त्यावर वेगाचा मोह होणारच. दोन माणसांसह आमची जीप ११०० किलोची धरू. ताशी ४० किलोमीटरला तिची गतिज ऊर्जा सुमारे ६८ किलोज्यूल होते, ८० ला २७२. वेग दुप्पट, ऊर्जा चौपट. थांबताना ही ऊर्जा मुख्यतः ब्रेकच्या ड्रममध्ये उष्णता होऊन उतरते. एक लिटर पाणी ३० अंशांवरून ९५ अंशांपर्यंत तापवायला ती पुरेल. ड्रम तापून प्रसरण पावतो, ब्रेकपट्ट्यांची पकड सुटते. दोन्ही वेळी सारखेच मंदन मिळाले असे मानले, तर पहिल्या वेगाला थांबायला १२ मीटर लागतील आणि दुसऱ्याला ४९. घासलेले हेड ब्रेकला काहीच मदत करत नाही.

कायदाही हेच पाहतो. वाहनाच्या मूळ रचनेत मान्यतेविना बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींना 'व्हिंटेज' नोंदणी मिळते, पण चॅसी, सांगाडा व इंजिन मूळ रूपात असेल तरच. हेड घासले असते, मडगार्ड उतरवले असते, तर आजोबांच्या जीपने ती संधीच गमावली असती.

हे गणित मुलाने स्वतः वहीत मांडले. मग त्यानेच ठरवले की आधी ब्रेक करायचे, आणि हेडला हात लावायचा नाही. इंजिन चालू झाले त्या संध्याकाळी त्याचे वडील चाकामागे बसले. गाडी दहाच्या वेगाने बांधापर्यंत गेली आणि परत आली.

शिक्षक मित्रांनो, जीप नसली तरी सायकल आहेच. मैदानावर चुन्याची रेघ आखा. रेघेवर पोचताच ब्रेक दाबायचा, एकदा सावकाश आणि एकदा दुप्पट वेगाने. वेग आधीच्या दहा मीटरच्या वेळेवरून काढा आणि थांबण्याचे अंतर टेपने मोजा. दुप्पट की चौपट, हे मुलांना आधी वहीत लिहायला सांगा आणि मगच मोजा.