चौकोनी सिंहस्थ, रुंद पडदा
दृश्यांची जुळणी : भाग ६

गेल्या आठवड्यात आपण मिनी डीव्ही टेप संगणकात उतरवून घेतली. आता ती नव्या चित्रणाशेजारी बसवायची. २०२७ च्या सिंहस्थावर नाशिकमध्ये कुणी माहितीपट करायला घेतला, की मागच्या पर्वण्या दाखवाव्याच लागतील. २००३ चे रामकुंड बहुतेकांकडे एसडीत आहे आणि २०१५ चे एचडीत.

आपल्याकडच्या पाल पद्धतीत एसडीची चौकट ७२० गुणिले ५७६ पिक्सेलची, तर एचडीची १९२० गुणिले १०८०. हिशेब केला तर एचडीत बरोबर पाचपट पिक्सेल भरतात. त्यात एसडीचे पिक्सेल चौरस नसतात. सॉफ्टवेअरला ही क्लिप ४:३ पालची आहे हे सांगितले नाही, तर माणसे किंचित सडपातळ दिसतात. म्हणून टाइमलाइनवर काही ठेवण्याआधी प्रत्येक जुन्या क्लिपचे गुणधर्म तपासा.

खरा प्रश्न आकाराचा आहे. एचडीच्या टाइमलाइनवर ४:३ चे चित्र पूर्ण उंचीला बसवले, तर ते १४४० पिक्सेल रुंद होते आणि दोन्ही बाजूंना २४० पिक्सेलचे काळे पट्टे उरतात. हे पट्टे ग्राहकाला खुपतात. मग संकलक चित्र आडवे ताणतो किंवा वरून-खालून कापतो. ताणल्यावर साधूंचे चेहरे एक तृतीयांशाने रुंद होतात. हा तर त्या माणसांवर अन्याय आहे. कापल्यावर चित्राची पाव उंची जाते आणि उरलेल्या ४३२ ओळी अडीचपट फुगवाव्या लागतात.

कापण्याने काय बिघडते ते गोदावरीच्या पुराच्या चित्रणात पाहा. सप्टेंबर २००८ च्या पुराचे एसडी चित्रण आणि ऑगस्ट २०१९ च्या पुराचे मोबाइलवरचे एचडी चित्रण तुम्हाला एकापाठोपाठ लावायचे आहे. नाशिककर पूर मोजतो तो नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर. पाणी कमरेला लागले, छातीला लागले की गळ्यापर्यंत आले, यावर. चौकटीची पाव उंची कापली तर नेमके मारुतीचे डोके किंवा पाण्याची रेषा बाहेर जाऊ शकते. मग तुलना कशाच्या आधारे करायची? पट्टे राहू द्यावेत, असे माझे ठाम मत आहे. तेच चित्र धूसर करून बाजूंना पसरवण्याची पद्धतही मला पटत नाही; मूळ चौकट कुठे संपते हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे.

दुसरी अडचण हलत्या गर्दीत दिसते. जुना कॅमेरा सेकंदाला २५ चित्रे घेतो, पण प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत, सम आणि विषम ओळींत. या दोन फील्डमध्ये एक पन्नासांश सेकंदाचे अंतर असते. आखाड्यांची मिरवणूक समोरून सरकली, की झेंड्यांच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या फाटतात. इथे क्रम महत्त्वाचा: आधी डीइंटरलेस, म्हणजे फील्डपासून सलग पूर्ण चित्र बनवणे, मगच चित्र मोठे करणे. उलट केले तर दोन फील्डच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि तो दोष नंतर निघत नाही. आणखी एक ध्यानात ठेवा. डीव्हीत खालचे फील्ड आधी येते, १०८० इंटरलेस्डमध्ये वरचे. ही नोंद चुकली तर चालणारा माणूस पुढे-मागे हिसके खातो.

हीच गोष्ट वेगाची. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांच्या काळातले मूकपट हाताने कॅमेरा फिरवून टिपलेले. ते आजच्या वेगाने चालवले की पात्रे धावत सुटतात. आपल्याकडे फरक लहान आहे. टेप २५ ची, मोबाइलचे चित्रण बहुधा ३० च्या आसपास आणि तेही कमी-जास्त होणारे. टाइमलाइन २५ ची ठेवा आणि मोबाइलच्या क्लिप आधी स्थिर वेगात बदलून घ्या.

रंगांची मापे एसडी आणि एचडीत वेगळी असतात. ती गल्लत झाली की भगव्याची छटा सरकते. सॉफ्टवेअर बहुधा हे सांभाळते, तरी झेंडा असलेली क्लिप एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावी.

आता निवडीविषयी. एसडीतले घाटावरच्या गर्दीचे लांबून घेतलेले दृश्य मोठ्या पडद्यावर गिचमिड होते. चेहरे, हात, पाण्यातली डुबकी मात्र छान टिकतात. म्हणून जवळची दृश्ये टेपमधून घ्या, विस्तार एचडीतून. आणि दर दोन शॉटला जुने-नवे करू नका. २००३ चा प्रसंग सलग लावला, की डोळा पहिल्या काही सेकंदांत त्या मऊ चित्राला सरावतो. धार वाढवण्याचा फिल्टर तर टाळाच, त्याने टेपचा दाणा तेवढा ठळक होतो.

पुढील भागात : घाटावरचा आवाज, एका कॅमेऱ्याचा आणि अनेक मोबाइलचा.