मन दुखावले : इंग्रजीत कोणता शब्द लिहावा?

इंग्रजीत अर्ज लिहिताना आपल्या विद्यार्थ्यांची व नोकरदार सभासदांची एका ठिकाणी हमखास अडचण होते. कोणी टाकून बोलले, चारचौघांत मान खाली घालायला लावली, तर ते सांगायला इंग्रजीत पाच-सहा शब्द आहेत. शब्दकोशात त्यांचे अर्थ जवळजवळ सारखेच दिसतात. म्हणून आठवेल तो शब्द लिहिला जातो आणि वाचणारा अधिकारी भलताच अर्थ घेतो.

सर्वांत सौम्य शब्द 'अपसेट'. गाडी चुकली तरी माणूस अपसेट होतो. त्यात कोणाचा दोष असलाच पाहिजे असे नाही. तक्रारअर्जात हा शब्द घातला की तक्रार रुसव्यासारखी वाटते.

'हर्ट' हा शब्द आपल्या माणसांच्या बाबतीत शोभतो. जिवलग मित्राने लग्नाला बोलावले नाही, तर 'आय वॉज हर्ट' म्हणावे. (या क्रियापदाची तिन्ही रूपे एकच, 'हर्टेड' लिहू नये.) पण शरीराला लागण्यालाही हर्टच म्हणतात. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ३१९ मध्ये व तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११४ मध्ये 'हर्ट' म्हणजे शारीरिक वेदना, रोग वा दुर्बलता. पोलिसांकडे 'ही हर्ट मी' असे लिहून दिले, तर 'कुठे मारले?' असाच प्रश्न येणार.

'ऑफेंडेड' यात दुःखापेक्षा राग अधिक. बोलणाऱ्याने मर्यादा सोडली, हे आपल्याला खपले नाही, असा त्याचा भाव. अचकटविचकट विनोद आपल्यावर नसला तरी माणूस ऑफेंडेड होऊ शकतो.

खरा घोटाळा 'इन्सल्ट' व 'ह्युमिलिएट' यांत होतो. मराठीत आपण दोहोंना अपमानच म्हणतो. इन्सल्ट ही समोरच्याची कृती. ती एकांतातही होते, आणि ऐकणाऱ्याने मनाला लावून घेतली नाही तरी इन्सल्ट तो इन्सल्टच. ह्युमिलिएट म्हणजे माणसाला त्याच्या पायरीवरून खाली आणणे, बहुधा इतरांदेखत. या शब्दाचे मूळ लॅटिनमधील 'ह्युमस', म्हणजे जमीन, या शब्दापर्यंत जाते. हे ध्यानात ठेवले की अर्थ विसरत नाही.

हा फरक केवळ परीक्षेपुरता नाही. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात येतात. पूर्वीचे कलम ३(१)(१०), २०१५ च्या दुरुस्तीनंतरचे ३(१)(आर), असे सांगते की, अनुसूचित जाती वा जमातीच्या व्यक्तीला ह्युमिलिएट करण्याच्या हेतूने, लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी, जाणूनबुजून इन्सल्ट करणे वा धमकावणे हा गुन्हा होय. म्हणजे इन्सल्ट ही कृती झाली आणि ह्युमिलिएट हा तिच्यामागचा हेतू. तेथे नुसते 'आय वॉज अपसेट' लिहिणारा आपली बाजू आपणच लंगडी करतो. (पोलीस ठाण्यात फिर्याद मराठीत देता येते, तेथे इंग्रजीचा हट्ट नको. कंपनीत वा परप्रांतातील महाविद्यालयात मात्र इंग्रजीवाचून बहुधा भागत नाही.)

आणखी एक बारकावा. 'आय फेल्ट इन्सल्टेड' म्हणजे मला अपमान झाल्यासारखे वाटले. वाटण्यावर समोरचा सहज म्हणेल, 'तुमचा गैरसमज झाला.' 'आय वॉज इन्सल्टेड' म्हणजे अपमान झाला, पण कोणी केला ते गुलदस्तातच राहते. म्हणून आमच्या मते कर्ता पुढे घालावा : 'ही इन्सल्टेड मी इन फ्रंट ऑफ माय कलीग्ज.' त्याखाली तारीख, वेळ, जागा आणि तेथे हजर असलेल्यांची नावे लिहावीत. तो माणूस जे बोलला ते शब्द मात्र भाषांतर न करता, तो ज्या भाषेत बोलला त्याच भाषेत, अवतरणचिन्हांत द्यावेत.