बैठकीचा देह आणि भुकेचा जमाखर्च

फेब्रुवारी 2022 मध्ये उज्जैन येथे रस्त्यांच्या कामांचे भूमिपूजन झाले, त्या समारंभात केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी तेथील खासदार अनिल फिरोजिया यांच्यापुढे भर सभेत एक अट ठेवली : त्यांनी आपले वजन उतरवावे, आणि जितके किलो उतरेल तितक्या हजार कोटी रुपयांची कामे आपल्या मतदारसंघासाठी मंजूर करून घ्यावीत. एके काळी आपले वजन 135 किलो होते, ते आता 93 वर आले आहे, असा स्वतःचा दाखलाही गडकरींनी त्या वेळी दिला. सुमारे सव्वाशे किलो वजनाच्या फिरोजियांनी ही अट मनावर घेतली. पहाटे साडेपाचला उठून फिरावयास जाणे, न्याहारी हलकी ठेवणे, दोन्ही वेळच्या जेवणात कच्च्या भाज्या, वाटीभर हिरवी भाजी आणि मिश्र धान्याची एक रोटी एवढ्यावर भागविणे असा क्रम त्यांनी धरला. जूनपर्यंत पंधरा किलो आणि ऑक्टोबरपर्यंत बत्तीस किलो वजन उतरल्याचे त्यांनी सांगितले, आणि त्यांच्या क्षेत्रासाठी 2,300 कोटींची कामे मंजूर झाल्याची वार्ता वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली. ज्या रस्त्यांसाठी हा पैसा मंजूर झाला, त्या रस्त्यांच्या कडेला पायी चालणाऱ्यासाठी सावलीची, सलग आणि सुरक्षित वाट असावी, अशी माझी मनःपूर्वक इच्छा आहे.

अशी प्रतिज्ञा, अशी साक्ष आणि असे पारितोषिक ज्यांच्या वाट्याला कधी येत नाही, त्यांची संख्या मात्र अफाट असते. उज्जैनच्या पटनी बाजारातील पेढीवर लोडाला टेकून सकाळपासून दिवे लागेपर्यंत बसणारा व्यापारी, फ्रीगंजमधील कचेरीत संगणकापुढे मान खाली घालून दिवस काढणारा कारकून, निवृत्तीनंतर आरामखुर्ची हेच ज्यांचे जग झाले आहे असे शिक्षक, आणि जाते व पाटा-वरवंटा सुटून ज्यांच्या हातांना यंत्रांनी विसावा दिला त्या गृहिणी, यांच्यापैकी कोणी एक जण वर्षानुवर्षांची बैठक मोडून, घरच्या माणसांनाही विशेष न सांगता, वजन उतरवू लागतो, तेव्हा त्याच्या देहात काय घडते हे जाणून घेणे मला त्या जाहीर प्रतिज्ञेहून अधिक मोलाचे वाटते.

प्रथम थोडे अंकगणित करू. शरीरातील एक किलो मेदात अजमासे 7,700 किलोकॅलरी ऊर्जा साठविलेली असते. चार महिन्यांत पंधरा किलो मेद घटावयाचा तर खाणे आणि खर्च यांत रोज सुमारे एक हजार किलोकॅलरींची तूट पडावी लागते. सव्वाशे किलोंच्या देहाचा दैनंदिन खर्चच मोठा असल्यामुळे तो ही तूट सोसू शकतो. परंतु ज्याचा सारा खर्च दोन हजारांच्या घरात आहे, अशा बैठ्या माणसाने तिचे अनुकरण करणे म्हणजे अर्धपोटी राहणे होय. त्याने रोज तीनशेची तूट राखली तरी महिन्याकाठी किलो-सव्वा किलो उतरते, आणि हीच गती त्याला साजेशी आहे. पहिल्या आठवड्यात काटा झपाट्याने खाली येतो, त्याने मात्र हुरळून जाऊ नये. यकृत व स्नायू यांत ग्लायकोजेनच्या रूपाने अर्ध्या किलोच्या आसपास शर्करा साठलेली असते, तिच्या प्रत्येक ग्रॅमाबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते, आणि खाणे कमी होताच आधी हा साठा व त्याचे पाणी निघून जाते. मेदाची पाळी त्यानंतरची.

हा मेद जातो तरी कोठे? पादुआ येथील वैद्य सांतोरियो याने एका मोठ्या तराजूला खुर्ची टांगली, तिच्यावर बसून वर्षानुवर्षे तो आपले अन्न, पाणी, मलमूत्र आणि स्वतःचा देह यांचे वजन करीत राहिला, आणि आठ पौंड अन्नपाणी पोटात गेले तर त्यांतले पाच पौंड डोळ्यांना न दिसता शरीरातून निघून जाते, असा सिद्धांत त्याने 1614 मध्ये ग्रंथरूपाने मांडला. या अदृश्य निर्गमनाचा निकाल लागण्यास बराच काळ लोटावा लागला. श्वसन हे एक प्रकारचे मंद ज्वलनच आहे, हे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लाव्हाझिए याने दाखविले. परंतु मेदाच्या संदर्भात हे गणित पूर्णत्वास नेऊन सर्वांपुढे मांडले ते ऑस्ट्रेलियातील रुबेन मीरमन व अँड्रयू ब्राउन यांनी, डिसेंबर 2014 मध्ये. त्यांनी डॉक्टर, आहारतज्ज्ञ व व्यायामशिक्षक यांनाच हा प्रश्न विचारला, तेव्हा बहुसंख्यांनी मेदाची ऊर्जा किंवा उष्णता होते असे सांगितले. वस्तुतः वस्तुमान असे नाहीसे होत नाही. दहा किलो मेद पूर्णपणे जळण्यास 29 किलो प्राणवायू लागतो, त्यापासून 28 किलो कार्बन डायऑक्साइड आणि 11 किलो पाणी तयार होते. आणि मूळच्या दहा किलोंपैकी 8.4 किलो निःश्वासावाटे वायुरूपाने बाहेर पडते, उरलेले 1.6 किलो पाणी होऊन घाम, मूत्र व बाष्प यांच्या वाटे जाते. उतरलेल्या वजनाचा मोठा हिस्सा, म्हणजे, माणसाने नाकावाटे बाहेर टाकलेला असतो. पोटाला प्लॅस्टिकचा पट्टा आवळून घाम गाळणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे : त्या घामाची भरपाई तांब्याभर पाण्याने तत्काळ होते.

मेद जाण्याची ही वाट झाली. तो येतो कसा, हा प्रश्न अधिक गहन आहे, आणि त्याचे मला सर्वांत उद्बोधक वाटलेले उत्तर आपल्याच देशातील एका गिरणीतून आलेले आहे. हुगळीकाठच्या चेंगाईल येथील लडलो कंपनीच्या ताग गिरणीत जाँ मेयर या आहारशास्त्रज्ञाने पूर्णिमा रॉय व कामाख्याप्रसाद मित्र यांच्यासह 213 पुरुषांचे काम, आहार आणि वजन यांची नोंद केली व 1956 मध्ये ती प्रसिद्ध केली. गिरणीच्या बाजारात दुकान मांडून दिवसभर बसून राहणारे दुकानदार हे एका टोकाला आणि तागाची ओझी वाहणारे हमाल दुसऱ्या टोकाला, अशी श्रमांची एक पूर्ण मालिका तेथे उपलब्ध होती; मधल्या पायऱ्यांवर कारकून, यंत्रकारागीर, विणकर हे सारे होते. जो अधिक राबतो तो अधिक खातो, हा नियम मध्यम श्रमांपासून जड श्रमांपर्यंत नीट जुळला, आणि त्या साऱ्यांची वजने जवळपास सारखी भरली. परंतु श्रम एका मर्यादेच्या खाली गेले, तेथे तो नियम मोडला : बसून राहणाऱ्यांची भूक श्रमांच्या प्रमाणात घटण्याऐवजी उलट वाढलेली आढळली, दुकानदाराचे खाणे हमालाच्या खाण्याच्या बरोबरीला पोहोचले होते, आणि वजनाने तो सर्वांच्या पुढे होता.

या निष्कर्षाचा आशय असा की भूक ही देहाची जमाखर्च लिहिणारी कारकून आहे, आणि तिचे दप्तर चालण्या-फिरण्याच्या एका किमान पातळीवरच बिनचूक राहते. माणूस त्या पातळीखाली बसून राहिला की खर्चाच्या नोंदी तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत व ती पूर्वीच्याच दराने वसुलीचा तगादा लावते. एका गिरणीतील एका वेळच्या पाहणीवरून कार्यकारणभाव कायमचा सिद्ध होत नाही, हे खरे, आणि नंतरच्या संशोधनांतून या निष्कर्षाला पाठिंबा कमीअधिक प्रमाणात मिळाला आहे. तरी बैठ्या माणसाला त्याच्या देहाविषयी इतके समंजस सांगणारे दुसरे संशोधन मला ठाऊक नाही, कारण ते त्याला खादाड ठरवीत नाही.

त्याच सुमारास लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी दुमजली बसगाड्यांचे चालक व वाहक यांची तुलना करून 1953 मध्ये दाखविले की दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो. मॉरिस यांची निष्ठा अशी की त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे या कर्मचाऱ्यांच्या गणवेशातील पाटलोणींच्या कमरेची मापे मिळवून तपासली, आणि चालकांच्या कमरा तरुणपणापासूनच अधिक रुंद होत्या, हे आपल्याच प्रतिपादनाला काहीसे अडचणीचे ठरणारे सत्य 1956 मध्ये स्वतःच छापले.

उज्जैनमधील मराठी घराण्यांपैकी अनेकांचे पूर्वज शिंदेशाहीबरोबर माळव्यात आले आणि पिढ्यान्‌पिढ्या दप्तराच्या, पौरोहित्याच्या किंवा अध्यापनाच्या वृत्तीवर राहिले. म्हणजे बसून काम करणे आपल्याला नवीन नाही. तथापि तो जुना कारकून सूर्योदयापूर्वी रामघाटाच्या पायऱ्या उतरून क्षिप्रेत स्नान करी, ओल्या धोतराने त्याच पायऱ्या चढे, आडाचे पाणी ओढी, कचेरीपर्यंत व परत पायी जाई आणि जमिनीवर मांडी घालून दिवसातून किती वेळा तरी उठे-बसे. त्याच्या बैठकीभोवती असलेली ही हालचालींची मेखला गळून पडली आणि केवळ बैठक उरली. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे जेम्स लेव्हीन यांनी याच विखुरलेल्या हालचालींचा पद्धतशीर अभ्यास केला. 1999 च्या त्यांच्या प्रयोगात सोळा जणांना आठ आठवडे रोज एक हजार किलोकॅलरी जादा खाऊ घातल्या, तेव्हा कोणाच्या अंगी जेमतेम 0.36 किलो तर कोणाच्या अंगी 4.23 किलो मेद चढला, आणि या तफावतीचे मुख्य कारण व्यायाम नसून नकळत होणारे उठणे, वळणे, येरझाऱ्या घालणे हे निघाले. पुढे 2005 मध्ये त्यांना स्थूल माणसे सडपातळ माणसांपेक्षा दिवसाला सुमारे दोन तास अधिक बसलेली आढळली. स्थूलांनी सडपातळांची रीत उचलली तर रोज 350 किलोकॅलरींच्या आसपास खर्च वाढेल, असा लेव्हीन यांचा हिशेब आहे.

केवळ चालून भरपूर मेद जळतो, ही भाबडी समजूत येथे दूर करणे अगत्याचे आहे, आणि त्यासाठी उज्जैनच्या पंचक्रोशी यात्रेइतके उत्तम साधन नाही. वैशाख महिन्यात माळव्याच्या खेड्यापाड्यांतील स्त्री-पुरुष डोक्यावर पीठ-मिठाचे गाठोडे घेऊन पटनी बाजारातील नागचंद्रेश्वराच्या देवळात जमतात, देवाकडून बळ मागून घेतात आणि पिंगळेश्वर, कायावरोहणेश्वर, बिल्वकेश्वर व दुर्दरेश्वर अशी प्रदक्षिणा करीत 118 किलोमीटरची वाट पाच दिवसांत पायी तुडवितात. उन्हाचा पारा चाळिशीच्या पलीकडे गेलेला असतो. मुक्कामाच्या जागी गोवऱ्यांचा जाळ करून त्यावर बाट्या भाजल्या जातात. परतल्यावर मातीचा लहानसा घोडा देवाला वाहून, उसने घेतलेले बळ फेडले जाते. आता गणित पाहू. सत्तर किलोंच्या माणसाला एक किलोमीटर चालण्यास विश्रांतीचा खर्च धरून अजमासे पन्नास किलोकॅलरी लागतात. म्हणजे संपूर्ण पंचक्रोशी चालण्याचा खर्च सहा हजारांच्या आतच राहतो, आणि तेवढ्यात पाऊण किलोच मेद जळतो! एवढी पायपीट करून परतलेला मनुष्य दोन दिवस दाल-बाफल्यांच्या पंगतीला बसला, आणि कणकेचे ते गोळे उकळत्या पाण्यात शिजवून, निखाऱ्यांवर भाजून, मग तुपात बुडवूनच वाढण्याची रीत त्याने मनापासून पाळली, तर तो पाऊण किलोही भरून निघण्यास वेळ लागणार नाही.

शिवाय देह खर्चाच्या बाबतीत मोठा काटकसरी आहे. टांझानियातील हाद्झा हे आजही शिकार व कंदमुळे यांवर जगणारे लोक दिवसभर पायपीट करतात. हर्मन पाँझर यांनी 2012 मध्ये त्यांचा दैनंदिन ऊर्जाखर्च मोजला, तेव्हा देहाच्या आकारमानाचा विचार करता तो पाश्चात्त्य नागरिकांहून वेगळा नव्हता. मेद घटू लागला की मेदपेशींतून स्रवणारे, 1994 मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने शोधलेले लेप्टिन हे संप्रेरक रक्तात कमी होते आणि मेंदू भूक वाढवून व खर्च आखडून तूट भरून काढण्याचा बंदोबस्त करतो. ही तूट जितकी अचानक, तितका हा बंदोबस्त कडक, असे मला या साऱ्या वाचनातून वाटत आले आहे. म्हणून चालण्याला केवळ मेद जाळण्याचे साधन मानू नये. बैठकीने बिघडलेली भूक ताळ्यावर आणणे व स्नायू राखणे हे त्याचे काम, आणि तूट पाडण्याचे काम ताटातूनच व्हावयाचे, ही वाटणी पक्की ध्यानात ठेवली की रात्रीच्या जेवणातील एक पोळी, दुपारच्या चहासोबतची मूठभर शेव, चहातली साखर अशा लहान लहान ठिकाणी रोजच्या तीनशे किलोकॅलरी सहज सापडतात. व्यायामाचा वेळ मिळत नाही म्हणून निराश होणाऱ्याने तर ही वाटणी आवर्जून लक्षात घ्यावी.

आपल्या लोकांच्या बाबतीत वजनकाटा एकटा पुरेसा साक्षीदार नाही, हेही सांगितले पाहिजे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये आपल्या दोघांचे छायाचित्र एका वैद्यकीय नियतकालिकात छापले. उंचीच्या मानाने वजन सांगणारा निर्देशांक दोघांचाही 22.3, परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण युडकिन यांचे 9.1 टक्के, तर याज्ञिकांचे 21.2 टक्के. बाहेरून कृश व आतून मेदस्वी असा हा भारतीय देह मधुमेहाला लवकर बळी पडतो, आणि म्हणूनच 2009 मध्ये भारतीय तज्ज्ञांनी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांसाठी 90 व स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटर अशी ठरविली. शेवटची बरगडी आणि खुब्याचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता फीत लावावी.

चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या 531 भारतीयांना घेऊन केलेला प्रयोग 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना केवळ नेहमीचा सल्ला मिळाला, त्यांच्यापैकी तीन वर्षांत 55 टक्क्यांना मधुमेह जडला. ज्यांना रोज चालावयास व आहार बेताचा ठेवावयास सांगून सतत पाठपुरावा केला, त्यांच्यात हे प्रमाण 39.3 टक्क्यांवर राहिले. आणि या दुसऱ्या गटाचे वजन तीन वर्षांत लक्षणीय असे काही उतरलेच नव्हते. ज्याचा काटा महिनोन्‌महिने एका जागी अडून बसला आहे आणि जो तरीही सकाळी कोठी रस्त्याने फिरावयास निघतो, त्याला या आकड्यांची माहिती त्याच्या डॉक्टरने अवश्य द्यावी.