ऊस मुळासकट!

ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, असे आपले वाडवडील सांगून गेले. आजचा साखर कारखाना ही म्हण रोज मोडतो, आणि मोडतो ते चांगलेच करतो! करंज्यांसाठी साखरेचा डबा भरताना तिच्यामागचे हे रसायनशास्त्र कोणाच्या ध्यानात येणार?

एक टन ऊस गाळला की साखर मिळते सुमारे १०० किलो. उरलेल्याचा हिशेब पाहा. २८० ते ३०० किलो चिपाडे, ४० ते ४५ किलो मळी आणि ३० ते ४० किलो गाळ, ज्याला कारखान्यात प्रेसमड म्हणतात. बाकी बहुतेक पाणीच. चिपाडे बॉयलरमध्ये जळतात. त्या वाफेवर कारखाना चालतो आणि उरलेली वीज विकताही येते. मळीत यीस्ट सोडले की तिच्यातील साखरेचे अल्कोहोल होते. मात्र एक लिटर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर काळपट सांडपाणी उरते. ते ओढ्यात सोडले तर त्यावर पोसणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासे तडफडून मरतात. तेच बंद टाकीत कोंडले तर दुसऱ्या जातीचे जिवाणू त्यातून जळाऊ वायू देतात, आणि राहिलेला भाग प्रेसमडवर शिंपडून कुजवला की उत्तम खत होते.

गंमत अशी, की शुद्ध साखर म्हणजे कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. उसाने ती हवा आणि पाणी यांतून घडवलेली असते. जमिनीतले पालाश आणि स्फुरद तिच्यात नसतात. ते मागे राहतात मळीत, गाळात आणि राखेत. ते शेताला परत मिळाले, तर पोत्यातून शहरात जाते ती नुसती हवा, पाणी आणि ऊन!

मग खोट कुठे आहे? पाण्यात. उदगीरपलीकडच्या जळकोटच्या नावात जळ आहे खरे. पण त्याचा लातूर जिल्हा पडला अवर्षणाचा. एक किलो साखर पिकवायला, पावसाचे धरून, दीड ते दोन हजार लिटर पाणी लागते. ते बहुतेक सारे पानांवाटे आणि मातीतून आभाळात उडून जाते. त्याला ना टाकी, ना झाकण. २०१६ साली मांजरा धरण आटले आणि एप्रिलात लातूरकरांसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ज्या मिरजेत २००१ साली पेट्रोलमध्ये इथेनॉल, म्हणजे उसाच्या मळीपासूनही होणारे हेच अल्कोहोल, मिसळण्याचा प्रयोग झाला, त्याच मिरजेहून! पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. वरच्या हिशेबाने त्यात साखर पिकते तीनेक क्विंटल!

शेतकऱ्याला दोष देऊन भागणार नाही. उसाला गिऱ्हाईक ठरलेले असते. तूर-सोयाबीनला हमीभाव जाहीर होतो, पण त्या भावाने सारा माल उचलला जाईलच असे नाही. ज्याला ऊस लावायचाच आहे त्याने ठिबक बसवावे, पाचट न जाळता सरीत पसरावे. ओल टिकते आणि पाचटाचे खतही होते. पण कोरडवाहू रानातल्या कडधान्याला खात्रीचा भाव देणे, हे काम सरकारचे आणि आपणा शहरवासीयांचेही आहे.

उसाचे खरे मूळ बुडख्याखाली नाही, विहिरीच्या तळाशी आहे. चिपाड खा, मळी खा, गाळही खा. तेवढे मूळ मात्र राखले पाहिजे.