हिमरू शाल आणि गूगलचं पहिलं पान

गेल्या सेमिस्टरला ऐन सबमिशनच्या गडबडीत माझ्या रूममेटने मला त्याच्या काकांच्या कामाला जुंपलं. काकांचं आपल्या शहरात हिमरू शालींचं छोटंसं दुकान आहे. वेबसाइट होती, पण गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. "तुम्ही इंजिनिअर ना रे? मग आणा की गूगलवर वर! नाहीतर यंदा साइटचे पैसे भरत नाही," काका म्हणाले.

नुसत्या 'हिमरू शाल' या शब्दांवर मोठी ऑनलाइन दुकानं बसलेली. त्यांना हलवणं आपल्या बसची बात नाही. म्हणून लाँगटेल, म्हणजे चार-पाच शब्दांचे नेमके शोध. 'लाँग टेल' हे नाव ख्रिस अँडरसनच्या 'वायर्ड'मधल्या २००४ च्या लेखाने गाजवलं. असे शोध एकेकटे किरकोळ, पण एकूण ढीगभर. रोजच्या शोधांपैकी साधारण १५ टक्के तर आधी कधी झालेलेच नसतात, असं गूगलच सांगतं.

पण लांब शब्द म्हणजे सोपा शब्द, असं समजून आम्ही आपटलो. कीवर्ड प्लॅनरमध्ये कॉम्पिटिशन 'लो' दिसली आणि आम्ही खूश! नंतर कळलं, ती स्पर्धा जाहिरात देणाऱ्यांची असते. फुकटच्या निकालांशी तिचा संबंध नाही. मग दुसऱ्या टूलचा 'डिफिकल्टी' आकडा पाहिला. एरेफ्ससारखी टूल्स तो काढताना मुख्यतः पहिल्या दहा पानांना किती वेगवेगळ्या साइट्स लिंक देतात ते मोजतात. आता शालीच्या एका पानाला कोण लिंक देणार? आकडा शून्याजवळ येतो, पण ते पान ज्या साइटवर आहे ती पहिलवान असते! मराठी शब्दांना तर टूल बऱ्याचदा 'डेटा नाही' म्हणून हात वर करतं. याचा अर्थ कोणी शोधत नाही असा नव्हे.

शेवटी साधा उपाय केला. ब्राउझरची खाजगी विंडो उघडायची (स्वतःचीच साइट सारखी उघडून पाहिली की गूगल ती आपल्याला वर दाखवू शकतं, आणि माणूस उगाच हुरळतो), शोध टाकायचा आणि दहाही पानं खरंच वाचायची. शीर्षकात तेच शब्द आहेत का? पान त्याच प्रश्नावर आहे, की विषय नुसता ओझरता आलाय? आणि शोधणाऱ्याला विकत घ्यायचंय की माहिती हवीय?

'हिमरू शाल किंमत'वर सगळी दुकानंच. तो नाद सोडला. शहराच्या नावाचा घोळ वेगळाच. २०२३ मध्ये नाव बदललं, पण लोक दोन्ही नावं टाइप करतात, आणि औरंगाबाद बिहारमध्येही आहे! म्हणून पानावर दोन्ही नावं घातली, सोबत महाराष्ट्रही.

'खरी हिमरू शाल कशी ओळखावी' इथे मात्र जागा दिसली. दहापैकी बहुतेक पानं इतिहास सांगून मोकळी. शाल उलटी करून मागचे रेशमी धागे कोणी दाखवले नव्हते. काका ते रोज गिऱ्हाइकाला दाखवतात. ते बोलत गेले, आम्ही टाइप केलं, फोटो मोबाइलवरच काढले.

दोनेक महिन्यांनी पान सातव्या नंबरवर आलं. पहिला फोन नागपूरहून. काका धावत घ्यायला गेले, तर बाईंचा प्रश्न, "माझ्याकडे आजीची हिमरू आहे, ती धुवायची कशी?"

काकांनी वीस मिनिटं समजावून सांगितलं. सध्या आम्ही त्या शोधाची दहा पानं वाचतोय.