वैनगंगेच्या दोन काठांवरची भावंडं

आयर्लंडहून अमेरिकेत गेलेल्या पणजोबाचं मूळ गाव शोधणाऱ्याला तिथले जाणकार सांगतात: पणजोबा राहू दे, त्याची भावंडं शोध. 1845 नंतरच्या दुष्काळात देश सोडलेल्यांच्या कागदावर बहुधा नुसतं ‘आयर्लंड’ असतं. गाव सापडतं ते एखाद्या बहिणीच्या लग्नाच्या नोंदीत. बोस्टनच्या ‘पायलट’ वर्तमानपत्रात 1831 ते 1921 या काळात ताटातूट झालेल्या नातलगांच्या शोधाच्या जाहिराती येत. 1922 मध्ये डब्लिनचा सरकारी दप्तरखाना जळाला आणि हा आडमार्गच अनेकांसाठी हमरस्ता झाला.

भंडाऱ्याच्या पोवार समाजाची अडचण याच जातीची आहे. माळव्यातून, धारकडून निघून रामटेकजवळच्या नगरधनमार्गे आपले पूर्वज वैनगंगेच्या खोऱ्यात उतरले, अशी त्यांची परंपरा आहे. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या 1916 च्या ग्रंथात ती नोंदवली. नागपूरकर भोसल्यांच्या कटक मोहिमेतल्या चाकरीबद्दल जमिनी मिळाल्या, जंगल तोडून धानाच्या बांध्या पडल्या. बांध्या पुरेनात तसा एक भाऊ गावात राहिला, दुसरा नदीपलीकडे गेला. पुढे कागदांचीही वाटणी झाली. 1867 मध्ये बालाघाट जिल्हा झाला, 1956 मध्ये तो मध्य प्रदेशात राहिला आणि भंडारा मुंबई राज्यात आला, 1999 मध्ये गोंदिया वेगळा निघाला. एकाच आज्याच्या नातवांची दप्तरं आज दोन राज्यांत आहेत, एकीकडे मराठीत आणि दुसरीकडे हिंदीत.

आडनावावर तर मुळीच विसंबू नये. बिसेन, कटरे, पटले, रहांगडाले, टेंभरे ही कुळं आहेत. त्यावरून कूळ कळतं, घर कळत नाही. अर्धं गाव पटल्यांचं असेल तर त्यातले आपले पटले कोणते?

इथे जुनी कोतवाल बुकं उपयोगी पडतात. गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची खबर ठाण्यावर नेई. नोंदीत तारीख, नाव, बापाचं नाव, जात, आणि मेलेल्यापुढे कारण: ताप, पटकी, देवी. बापाच्या नावापुढे आठ-दहा वर्षांत किती पोरं जन्मली ते लावून पाहिलं की भावंडांची रांग उभी राहते. बंदोबस्ताच्या अधिकार अभिलेखाशी ती पडताळायची. भाटाची पोथी असेल तर उत्तमच. पण तिच्यावर माझा विश्वास बेताचाच आहे, कारण यजमानाला थोर पूर्वज देण्यात भाटाचाही फायदा असतो.

खरी गळती होते ती लेकींची. वंशावळीत मुलगे उतरतात, बहिणीच्या जागी काहीच नसतं. शेतीच्या जुन्या कागदांतही ती क्वचितच. आणि दुरावलेल्या भावांची खबर इकडून तिकडे नेणारी तीच असते: माहेर तुमसरकडे, सासर वारासिवनीकडे. लग्नाच्या जुन्या निमंत्रणपत्रिका, आहेराच्या वह्या, प्रयागच्या पंड्यांच्या बह्या यांत तिच्या सासरचं गाव मिळू शकतं. मी तरी घराण्याचा शोध आता आत्यापासून सुरू करावा या मताचा आहे.

यंदा भाऊबीजेला आत्या घरी आली तर तिला तिच्या आत्याचं नाव आणि सासरचं गाव विचारा, आणि त्याच दिवशी वहीत उतरवून ठेवा. हे बहुधा कोणत्याही सरकारी दप्तरात मिळणार नाही.