सदर बाजारातील फेरीवाल्यांसाठी: स्वनिधी कर्ज आणि रोजचे ५० रुपये

आपण रायपूरच्या सदर बाजारात हातगाडीवर किंवा पथारीवर बांगड्या, टिकल्या, रुमाल विकता आणि माल भरण्यासाठी सावकाराकडे जावे लागते का? १ जून २०२० पासून सुरू असलेल्या पीएम स्वनिधी योजनेत तारण न ठेवता कर्ज मिळते. पहिले कर्ज १५,००० रुपयांपर्यंत, ते फेडल्यावर २५,००० आणि त्यानंतर ५०,००० रुपयांपर्यंत.

आज एवढेच पाहा: आपला मोबाइल क्रमांक आधारशी जोडलेला आहे का? नसेल तर ओटीपी येणार नाही आणि अर्ज तिथेच अडेल. उद्या महानगरपालिकेत जाऊन विक्री प्रमाणपत्राची चौकशी करा. ते नसल्यास शिफारसपत्र मागता येते. मग पोर्टलवर अर्ज करा.

बँकेचा निर्णय येईपर्यंत थांबू नका. रोज गाडी आवरताना ५० रुपये वेगळ्या डब्यात टाका. १५,००० रुपये १२ महिन्यांत फेडायचे, म्हणजे मुद्दल महिन्याला १,२५०, व्याज वेगळे. डब्यात ३० दिवसांत १,५०० जमतात. ही सवय आधी लागली तर हप्ता जड जात नाही. कर्जाची रक्कम घरखर्चात गेली, तर गाडीवर माल उरत नाही आणि हप्ता मात्र येतोच.

हप्ते वेळेवर भरल्यास ७ टक्के व्याज अनुदान आपल्या खात्यात जमा होते. मुदतीआधी फेडल्यास दंड नाही. क्यूआर कोडवर पैसे घेतल्यास कॅशबॅकही मिळतो.

फेरीचा नव्हे, दुकानाचा किंवा घरगुती व्यवसाय सुरू करायचा असल्यास मुद्रा योजनेतील ‘शिशु’ कर्जाची, म्हणजे ५०,००० रुपयांपर्यंतची, माहिती बँकेत विचारा.